चौथ्याचं काय आलं?

गणितात मतदान चालत नाही, असं म्हणतात. अख्ख्या वर्गाने हात वर करून सात आठे चोपन्न म्हटलं तरी ते छप्पनच. हे ज्यांनी म्हटलं ते दहावीचा बीजगणिताचा पेपर सुटताना परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी कधी उभे राहिलेले नसणार. तिथे उत्तर बरोबर की चूक, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "तुझं काय आलं?" समोरच्याचंही तेच आलेलं असलं की दोघांचं बरोबर. तिसऱ्याचं वेगळं आलं की तो अल्पमतात, आणि मग तो आपल्या उत्तराला अनुमोदक शोधत गर्दीत शिरतो.

आमच्या घरासमोरची शाळा बोर्डाचं केंद्र आहे, त्यामुळे हा सोहळा मला दर मार्चमध्ये गॅलरीतून दिसतो. इतर पेपरांना एवढी मजा नसते. मराठीचा पेपर सुटला की पोरं बाहेर येतात, निबंध कोणता घेतला ते एकमेकांना सांगतात आणि रसाच्या गाड्यावर जातात. इतिहासाला "लिहिलंय भरपूर" एवढ्यावर भागतं. निबंध जुळला नाही म्हणून कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. गणिताला मात्र एकच उत्तर असतं, आणि ते आपल्याकडे आहे की शेजारच्याकडे हे कळेपर्यंत घशाखाली रससुद्धा उतरत नाही.

पेपर अकराला सुरू होतो. दोन तास, चाळीस मार्क. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची. तेवढ्या वेळात ती मोबाइलवरून गावभर फिरते अशी बोंब झाली, तेव्हा बोर्डाने 2023पासून ती दहा मिनिटं पुढची काढली आणि शेवटी जोडली. म्हणून पेपर आता एक वाजून दहा मिनिटांनी सुटतो. या वाढीव दहा मिनिटांत पोरं काय करतात, हे मी चौकशी करून पाहिलं आहे. बहुतेकांनी त्या वेळात बरोबर आलेलं उत्तर खोडलेलं असतं.

बाहेर बंदोबस्त कडक असतो. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत गर्दी करायची नाही, आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद, भरारी पथकाची जीप येऊन गेलेली, झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून हवालदार. पालक साडेबारापर्यंत शंभर मीटरची अट पाळतात. मग नव्वदवर येतात, मग ऐंशीवर, मग सत्तरवर. अंकगणिती श्रेढीचं याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही. सामान्य फरक वजा दहा. घंटा होते तेव्हा हवालदार खुर्चीवर आणि पालक फाटकाला लोंबकळलेले, असं चित्र असतं.

"कसा गेला?"

"ठीक."

हा "ठीक" ऐकून वडिलांचा चेहरा पडतो आणि आईचा उजळतो. दोघांनी एकाच मुलाचं एकच उत्तर ऐकलेलं असतं, पण पुढे आठवडाभर ते दोन वेगळ्या मुलांबद्दल बोलत राहतात. मुलाला या चर्चेत रस नसतो. आईने पुढे केलेल्या बाटलीतलं दोन घोट लिंबू सरबत पिऊन तो कडुनिंबाखाली पळतो, कारण खरा निकाल तिथे लागणार असतो. मीही रस घेण्याच्या निमित्ताने खाली उतरतो.

या दरबाराची पहिली गंमत अशी, की पुरावा कुणापाशीच नसतो. उत्तरपत्रिका आत जमा झालेली. प्रश्नपत्रिका हातात असते, पण तिच्यावर काही लिहायचं नाही असं पर्यवेक्षकांनी बजावलेलं, त्यामुळे ती कोरी. सगळा कारभार स्मरणशक्तीवर. आणि गणिताचा पेपर देऊन आलेल्या पोराला आपलं उत्तर नक्की काय आलं होतं ते साधारणच आठवतं. आठवत नसेल तर समोरच्याचं ऐकून आठवतं. "माझं पण बहुतेक तेच आलंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की बोर्डाने "बहुतेक" हा पाचवा पर्याय छापायला हरकत नाही.

पहिला प्रश्न बहुपर्यायी. चार प्रश्न, एकेक मार्क. प्रश्नपत्रिकेवर सूचना असते की अशा प्रश्नांत फक्त पहिल्या प्रयत्नातलं उत्तर ग्राह्य धरलं जाईल. हा नियम फाटकाच्या आत लागू आहे. बाहेर आल्यावर कितीही प्रयत्न करता येतात. एका वर्षी चारांपैकी एक प्रश्न शेअरचा होता : दर्शनी किंमत शंभर, बाजारभाव पंच्याहत्तर, तर शेअर कसा आहे? कडुनिंबाखाली जमलेल्या सगळ्यांचं उत्तर "सी" निघालं, "अधिमूल्य पंचवीस". झटक्यात एकमत. एवढं पक्कं एकमत, की त्या प्रश्नाकडे पुन्हा कुणी वळून पाहिलं नाही. नंतरच्या प्रश्नावर मात्र रण माजलं. एक जण स्वतःचं बरोबर उत्तर बदलून आला होता, कारण लागोपाठ तीन "सी" आले. बोर्ड असं करणार नाही, असा त्याचा बोर्डावर विश्वास.

मग संभाव्यतेचं गणित निघतं.

"दोन फाशांवर बेरीज सात. किती आलं?"

"एक छेद सहा."

"मेलो. माझं सहा छेद छत्तीस."

"माझं पॉइंट एक सहा सहा," तिसरा म्हणाला, आणि त्याच्याकडे दोघांनी असं पाहिलं की त्याने दप्तर खांद्याला लावलं.

तीन मार्ग, तीन मुक्काम. इथे थांबून एकाने वरखाली सहाने भागलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण पेपर संपल्यावर भागाकार करायचा नाही असा अलिखित नियम आहे. भागाकाराचा कोटा आत संपलेला असतो. दोघांनी आपापले साक्षीदार गोळा केले. एक छेद सहाच्या बाजूला सात जण, सहा छेद छत्तीसच्या बाजूला चार. चौघांची तोंडं उतरली. एवढ्यात एक मुलगी सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाली, "अरे, एकच आहे ना ते. सहाने भागा." मिनिटभर सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मग त्या चौघांपैकी एकाने विचारलं, "पण संक्षिप्त रूप दिलं नाही तर मार्क कापतात का?" आणि चौघांची तोंडं पुन्हा उतरली.

दहावीच्या गणितात अर्धा मार्क हे चलन आहे. सूत्र लिहिलं, अर्धा. किमती घातल्या, अर्धा. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मिळतात, हे बोर्डाचं औदार्य सगळ्यांना माहीत असतं, म्हणून उत्तर जुळून झालं की पायऱ्या जुळवायला घेतात. पाठ्यपुस्तकातलं एक गणित बघा : दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज 244, तर त्या संख्या कोणत्या? दहा आणि बारा. शंभर अधिक एकशेचव्वेचाळीस, तोंडी ताळा पडतो. या जातीचं गणित पेपरात आलं की कडुनिंबाखाली सगळ्यांचं उत्तर जुळतं, आणि आता सगळे सुखाने घरी जातील असं वाटत असतानाच एक जण हळूच विचारतो, "वजा बारा का सोडलं ते लिहिलंत का रे?"

समीकरणाला दोन मुळं असतात, दहा आणि वजा बारा. "परंतु नैसर्गिक संख्या ऋण नसते" एवढं लिहून वजा बाराला दाराबाहेर काढायचं असतं. दोघांनी लिहिलेलं असतं, बाकीच्यांनी त्याला न विचारताच हाकललेलं असतं. मग अर्धा जाणार की एक जाणार, यावर दहा मिनिटं. "आमचे सर म्हणतात अर्धाच कापतात." "आमच्या मॅडम म्हणतात, चांगला परीक्षक आला तर कापतच नाहीत." चांगला परीक्षक आपल्याच गठ्ठ्याला यावा, अशी प्रार्थना तिथल्या तिथे सुरू होते. त्या परीक्षकाची चांगुलपणाची व्याख्या एकच : त्याला गणित थोडं कमी यावं.

घरी गेल्यावर प्रकरण पालकांच्या हाती जातं आणि आणखी बिघडतं. वडिलांच्या वेळी हेच गणित होतं, पण ते तेव्हाही त्यांना येत नव्हतं. अर्थनियोजनाचा धडा तर त्यांच्या पुस्तकात नव्हताच. जीएसटी देशात 1 जुलै 2017ला आला आणि पुढच्याच वर्षी दहावीच्या बीजगणितात जाऊन बसला. सरकारी काम एवढ्या वेगाने झाल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. आमच्या आळीत एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या मुलीने पेपरवरून आल्यावर मोठ्या आशेने विचारलं, "बाबा, दर अठरा टक्के असेल तर ग्राहकाने किती द्यायचे?" बाबा गिऱ्हाइकीच्या नादात होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बिल पाहिजे का बिनबिलाचं?"

आयांचं खातं वेगळं. त्या फोनवर असतात. आई कधीच "त्याचे मार्क गेले" म्हणत नाही. "आमचे दोन गेले, ताई," म्हणते. पलीकडची म्हणते, "आमचे तीन." मग अलीकडचीला जरा बरं वाटतं आणि ती म्हणते, "जाऊ द्या हो, भूमितीत निघतील." सांत्वनाइतकी सुखाची गोष्ट नाही, फक्त सांत्वन करणाऱ्याचे मार्क थोडे जास्त असले पाहिजेत. वडील हिशोबाला बसतात ते "दोन मार्क गेले कुठे?" या प्रश्नापासून. सूर असा, की खिशाला भोक होतं आणि ते रिक्षात पडले.

प्रत्येक केंद्रावर एक हुशार मुलगी असते. तिचं मत हे एक मत नसतं, ती एकटीच बहुमत असते. कडुनिंबाखालचा तंटा मिटेना की सगळा जमाव तिच्याकडे वळतो. "ए, चौथ्यातल्या दुसऱ्याचं काय आलं?" चौथा प्रश्न म्हणजे पेपरातला घाट. तीनपैकी कुठलीही दोन सोडवायची, चार-चार मार्कांची, आणि तिन्ही पुस्तकाबाहेरची वाटतात. कुणी पहिलं आणि दुसरं सोडवलेलं असतं, कुणी दुसरं आणि तिसरं, त्यामुळे जुळवायला गडी मिळणं मुश्कील. म्हणून सगळी भिस्त तिच्यावर. आणि ती म्हणते, "माझा अजिबात चांगला गेला नाही." हे वाक्य ऐकून बाकीच्यांच्या पोटात जो गोळा येतो त्याला उपमा नाही. हिचा चांगला गेला नाही तर आपला कसा गेला? ती खोटं बोलत नसते, हे मात्र सांगायला हवं. तिचा एक मार्क गेलेला असतो आणि तिला तो खरोखर दुखत असतो. उलट, शेवटच्या बाकावरचा एक जण "सगळा सोडवला, काही सोडलं नाही" म्हणत शीळ घालत जातो. त्याचं सुख मला नेहमी पक्कं वाटत आलं आहे. त्याने कुणाचंच उत्तर विचारलेलं नसतं.

चारच्या सुमारास क्लासचे सर सोडवलेला पेपर व्हॉट्सअॅपवर टाकतात. रेघांच्या कागदावर निळ्या शाईत, कोपऱ्यात सरांचा अंगठा, एका पानावर चहाच्या कपाचा गोल. आता निकाल लागला असं आपल्याला वाटेल. पण गावात दोन क्लास असतात. चौथ्यातल्या तिसऱ्याचं उत्तर एका सरांचं वेगळं, दुसऱ्या सरांचं वेगळं. मतदान पुन्हा सुरू, या वेळी सरांसकट. ज्याचं उत्तर पहिल्या सरांशी जुळतं तो पहिल्या सरांना गुरू मानतो, मग त्याने फी दुसऱ्यांकडे भरलेली का असेना. आणि ज्याचं कुणाशीच जुळत नाही तो ठेवणीतलं अस्त्र काढतो : "गणितच चुकीचं होतं. ते सगळ्यांना फुल्ल मार्क देणार आहेत." हे "ते" कोण, ते कुणी विचारत नाही. ही अफवा दरवर्षी पाचच्या आत आमच्या आळीत पोचते. सातपर्यंत ती पेपरात छापून आलेली असते, म्हणजे कुणाच्या तरी मामाने वाचलेली असते.

रात्री बेरीज. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने : नक्की, बहुतेक, आणि देवाच्या मनात असेल तर. जेवणाआधी चाळीसपैकी सदतीस होतात. जेवताना मित्राचा फोन येतो, तेहतीस. झोपताना "पायऱ्यांचे देतातच" हा विचार येतो, छत्तीस. हा आकडा ऐकणाऱ्यानुसारही बदलतो. मित्रांना तीस सांगायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही. वडिलांना तेहतीस, म्हणजे निकालाच्या दिवशी धक्का बसला तर तो सुखद बसेल. आजीला चाळीसच. आजी विचारते, "किती पैकी?" आणि चाळीसपैकी चाळीस ऐकून देवापुढे साखर ठेवते. अख्ख्या घरात गणिताबद्दल समाधानी तेवढी तीच.

यात नुकसान होतं ते भूमितीचं. 2025 साली बीजगणित 5 मार्चला होतं आणि भूमिती 7 मार्चला. मधला एक दिवस बोर्डाने पायथागोरस, वर्तुळ, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन यांच्यासाठी ठेवला होता. "झालेला पेपर विसरा," असं प्रत्येक शिक्षक सांगतो, प्रत्येक वर्षी सांगतो, आणि सांगून झाल्यावर स्वतःच विचारतो, "चौथ्याचं काय आलं?" 6 तारखेला भूमितीचं पुस्तक उघडलेलं असतं खरं, पण त्यात खूण म्हणून बीजगणिताची प्रश्नपत्रिका.

या सगळ्यातून सुटलेली एकच तुकडी महाराष्ट्राने पाहिली. 2021 साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागला, 99.95 टक्के. त्या पोरांना आयुष्यात कुणी "चौथ्याचं काय आलं" असं विचारलं नाही. लोक म्हणतात त्यांचं भाग्य. पण त्या तुकडीतला एक जण परवा सांगत होता, "काका, आम्हाला दहावीत पडलेल्या मार्कांची खात्रीच वाटत नाही. कुणाशी भांडायलाच मिळालं नाही."

ज्या घरात धाकट्याची दहावी असते त्या घरात बरेचदा थोरलीची सीईटी असते, आणि तिथे मतदानाची पद्धतच मोडीत निघते. इंजिनिअरिंगच्या सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, नव्वद मिनिटं. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, त्यामुळे देवाचं नाव घेऊन सगळे पन्नास गोल भरायचे असतात. घोळ असा, की परीक्षा संगणकावर, कित्येक दिवस, सकाळ-दुपारच्या पाळ्यांत. सकाळच्यांचे प्रश्न वेगळे, दुपारच्यांचे वेगळे. म्हणजे मैत्रिणीला उत्तर विचारायची सोयच उरली नाही, कारण तिला तो प्रश्नच आला नव्हता. मग पोरं काय करतात? पोरं दुःख जुळवतात. "आमची शिफ्ट भयंकर होती." "आमची बघायला हवी होतीस, इंटिग्रेशनच इंटिग्रेशन." आजवर मला एकही मुलगा असा भेटलेला नाही की ज्याची पाळी सोपी होती. सोप्या पाळीला बसणारी पोरं कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्यात राहतात.

या वेगवेगळ्या पाळ्यांची काठिण्यपातळी सारखी करून मग मार्कांऐवजी पर्सेंटाइल देतात, तेही दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. आळीतल्या एका आजीला नातीने मोबाइल दाखवला : सत्त्याण्णव पॉइंट आणि पुढे सात आकडे.

"म्हणजे शंभरात सत्त्याण्णव पडले," आजी.

"नाही गं. शंभरातले सत्त्याण्णव माझ्या मागे आहेत."

"आणि मार्क किती?"

"ते तसे सांगता येत नाहीत."

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि पुढे आहेत त्या तिघांची नावं काय?"

नातीने पुढे आहेत ते काही हजार असल्याचं समजावून सांगितलं. तेव्हापासून आजींनी पर्सेंटाइलचा विषय काढलेला नाही, पण तिघांवर त्यांचा राग आहे.

सीईटी देऊन आलेल्या पोरांचं एक पेटंट वाक्य असतं : "माझं उत्तर पर्यायांत नव्हतंच." घरचे ऐकून घेतात आणि मनात म्हणतात, आता पर्यायांचा दोष. पिढ्यान् पिढ्या हे असं चाललं होतं. आणि मग 27 एप्रिल 2025ला सकाळच्या पाळीत खरोखरच तसं झालं. गणिताच्या पन्नासपैकी एकवीस प्रश्नांत चुका निघाल्या. सीईटी कक्षाने ते मान्य केलं आणि त्या पाळीच्या 27 हजारांहून अधिक मुलांची 5 मेला पुन्हा परीक्षा घेतली. चुका इंग्रजी प्रश्नांत होत्या, मराठी प्रश्न ठीक होते, ही बातमी वाचून मला झालेला आनंद मी लपवणार नाही. पण खरा विजय त्या मुलांचा होता. 27 हजार घरांत त्या दिवशी आईबापांना खाली मान घालून "बरोबर होतं रे तुझं" म्हणावं लागलं. हे यश पुढे कुणाला टिकवता आलं नाही. पुनर्परीक्षेहून परतल्यावरही काही जण "पर्यायांत नव्हतंच" म्हणाले, आणि या वेळी घरच्यांनी पुन्हा टीव्ही लावला.

दहावीचा निकाल हल्ली मे महिन्यात लागतो. त्या दिवशी टक्क्यांची गंमत वेगळीच. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरतात, त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुण मिसळतात, आणि 2025 साली राज्यात 211 मुलांना शंभर टक्के पडले. त्यातले 113 एकट्या लातूर विभागातले. साहजिकच आमच्या आळीत चौऱ्याण्णव टक्केवाल्याच्या घरी लोक हळू आवाजात जाऊन आले. सगळ्या विषयांत काठावर निसटलेल्या पोराची मात्र मित्रांनी खांद्यावरून वरात काढली. त्याने सगळा हिशोब पस्तीसपर्यंतच केला होता आणि त्याचा ताळा अचूक पडला होता.

आणि गणित? गुणपत्रिकेवर गणिताची एकच ओळ असते, शंभरपैकी. बीजगणिताचे चाळीस, भूमितीचे चाळीस, शाळेने दिलेले वीस, सगळं एकत्र कालवलेलं. चौथ्याचे किती मिळाले, वजा बाराचा अर्धा कापला की नाही, संक्षिप्त रूपाचं काय झालं, यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मार्चभर केलेला हिशोब तपासून बघायला जागाच ठेवलेली नाही. ज्याला राहवत नाही त्याने अर्ज करून, पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी.

शेअरच्या प्रश्नावर एकमत झालं त्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने ती मागवली. अपेक्षा पंच्याण्णवची होती, पडले ब्याण्णव. पानं टेबलावर पसरून सगळं घर वाकलं, मलाही हाक आली. चौथ्यातल्या दुसऱ्याला चारपैकी चार. वजा बाराबद्दल परीक्षकाने चकार शब्द काढला नव्हता. ज्या ज्या ठिकाणी त्याने रात्री झोप घालवली होती तिथे सगळीकडे लाल बरोबर. दोन मार्क गेले होते भूमितीत, रचनेची पेन्सिल फिकी म्हणून की काय. आणि एक गेला होता पहिल्याच पानावर, शेअरच्या प्रश्नाला. दर्शनी किंमत शंभर, बाजारभाव पंच्याहत्तर, म्हणजे शेअर अवमूल्यावर, पंचवीसने खाली. हे कांदे विकणाऱ्यालाही सांगता आलं असतं. पण पोराने "सी" लिहिला होता, आणि कडुनिंबाखाली सगळ्यांनीच.

आईने ताबडतोब फोन फिरवले. एक, दोन, तीन, चार घरं. सगळीकडे विचारून झाल्यावर ती परत आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

"सगळ्यांचाच गेलाय," ती म्हणाली. "मग राहू दे. पुनर्मूल्यांकनाचे पैसे कशाला घालवायचे?"